परिमेय की अपरिमेय? आधी बाकीकडे बघा

प्रश्न थोडक्यात असा आहे: कॅल्क्युलेटरवर √२ काढले की १.४१४२१३५६२ येते आणि तिथेच संपते, मग ही खंडित (म्हणजे कुठेतरी संपणारा) दशांश असलेली परिमेय संख्या का नाही? १/१७ केले तर ०.०५८८२३५२९४ येते, त्यात कोणताही गट पुन्हा येताना दिसत नाही, मग ती अपरिमेय का नाही? आणि पायची किंमत आपण २२/७ घेतो, २२/७ हा तर सरळ अपूर्णांक आहे, मग पाय अपरिमेय कसा?

तिन्ही शंका एकाच सवयीतून आल्या आहेत: दशांश चिन्हापुढचे आठ-दहा अंक बघायचे आणि त्यांवरून संख्येचा प्रकार ठरवायचा. शाळेत गणित शिकवताना मला हे सतत दिसत आले आहे. व्याख्या तोंडपाठ असलेली मुलेही पडद्यावर अंक दिसले की व्याख्या बाजूला ठेवतात. म्हणून आधी व्याख्या नीट वाचू. जी संख्या दोन पूर्णांकांच्या भागाकाराच्या रूपात, म्हणजे अ/ब अशी लिहिता येते (ब शून्य नसावा), ती परिमेय. जी तशी लिहिताच येत नाही, ती अपरिमेय. या व्याख्येत दशांशाचा उल्लेखसुद्धा नाही. खंडित, आवर्ती (अंकांचा एकच गट पुन्हा पुन्हा येणारा), अनावर्ती (तसा गट नसलेला) ही सगळी भाषा नंतर येते, आणि ती का येते हे समजले की तिन्ही शंका आपोआप सुटतात.

कागद घ्या आणि १ ला ७ ने हाताने भागा. उत्तरातले अंक लिहाच, पण शेजारी प्रत्येक पायरीची बाकीही लिहीत चला, कारण खरी गोष्ट तिथे घडते. सुरुवातीला हातात १ आहे. त्यावर शून्य घेऊन १० झाले, भाग १ लागला, बाकी ३. मग ३० मध्ये ४ वेळा, बाकी २. २० मध्ये २ वेळा, बाकी ६. ६० मध्ये ८ वेळा, बाकी ४. ४० मध्ये ५ वेळा, बाकी ५. ५० मध्ये ७ वेळा, बाकी १. इथे थांबा. बाकी १ आली, म्हणजे जिथून निघालो तिथेच परत आलो. आता पुढचे सगळे जसेच्या तसे घडणार: पुन्हा १०, पुन्हा ३, पुन्हा २. म्हणून १/७ = ०.१४२८५७१४२८५७…, आणि १४२८५७ हा गट अखंड चालू राहणार.

हे घडणे अटळ का आहे? ७ ने भागताना बाकी ०, १, २, ३, ४, ५, ६ यांपैकीच एक असते. ० आली तर भागाकार संपला. ० कधीच आली नाही तर उरल्या फक्त सहा शक्यता, त्यामुळे फार तर सहा पायऱ्यांनंतर एखादी जुनी बाकी परत यावीच लागते. बाकी परत आली की अंकही परत येतात, कारण दशांश चिन्हानंतर प्रत्येक पायरीला आपण शून्यच उतरवत असतो, पुढचा अंक केवळ बाकीवर ठरतो. ७ च्या जागी कोणताही छेद ब घ्या, युक्तिवाद तोच: शून्य सोडून बाक्या जास्तीत जास्त ब − १, म्हणून आवर्ती गटाची लांबीही जास्तीत जास्त ब − १. प्रत्येक परिमेय संख्येचे दशांश रूप एकतर खंडित असते किंवा अखंड आवर्ती असते, या विधानाची ही पूर्ण सिद्धता आहे. वेगळे काही पाठ करायची गरज नाही.

बाक्यांची यादी हाती असली की इतरही गोष्टी फुकट मिळतात. २/७ साठी नवा भागाकार कशाला? वरच्या यादीत बाकी २ जिथे आहे तिथून अंक वाचायला लागा: २, ८, ५, ७, १, ४. म्हणजे २/७ = ०.२८५७१४…. ३/७ साठी बाकी ३ पासून वाचा: ०.४२८५७१…. ७ छेद असलेले सगळे अपूर्णांक एकाच चक्रावरून, फक्त वेगवेगळ्या ठिकाणाहून सुरू होतात. छेद १३ असेल तर चित्र थोडे बदलते. १/१३ = ०.०७६९२३…, इथे बाक्या १, १०, ९, १२, ३, ४ एवढ्याच येऊन चक्र बंद होते. उरलेल्या सहा बाक्यांचे दुसरे चक्र होते आणि त्यातून २/१३ = ०.१५३८४६… मिळते. बारा बाक्या, सहा-सहांची दोन चक्रे. हे एकदा स्वतः करून बघाच, वाचून ही गंमत पुरती कळत नाही.

आता १/१७ कडे. छेद १७, म्हणजे आवर्ती गट १६ अंकांपर्यंत लांब असू शकतो, आणि इथे तो खरोखरच १६ अंकांचा आहे: ०५८८२३५२९४११७६४७. दहा अंकी पडद्यावर १६ अंकांचा गट मावणारच नाही, मग तो पुन्हा येताना दिसेल कसा? पडद्यावर आवर्तन दिसत नाही याचा अर्थ एवढाच की पडदा लहान आहे.

पण साध्या कॅल्क्युलेटरनेही सगळे १६ अंक काढता येतात, आणि त्याची किल्लीसुद्धा बाकीच आहे. पडद्यावरचे पहिले आठ अंक घ्या: ०५८८२३५२. आता ५८८२३५२ × १७ = ९९९९९९८४. म्हणजे १ वर आठ शून्ये उतरवून झाल्यावर बाकी उरली १०००००००० − ९९९९९९८४ = १६. पुढचे अंक याच बाकीतून येणार, म्हणून १६ ला १७ ने भागा: ०.९४११७६४७…. हे पुढचे आठ अंक. दोन्ही तुकडे एकाखाली एक लिहून बेरीज करा: ०५८८२३५२ + ९४११७६४७ = ९९९९९९९९. हा योगायोग नाही. १६/१७ म्हणजे १ − १/१७, म्हणून दुसऱ्या अर्ध्या गटातला प्रत्येक अंक पहिल्या अर्ध्यातल्या अंकाला ९ पर्यंत नेणारा असतो. १/७ मध्येही १४२ + ८५७ = ९९९, आणि १/१३ मध्ये ०७६ + ९२३ = ९९९. छेद मूळ संख्या असेल आणि गटाची लांबी सम असेल तेव्हा हे नेहमी घडते.

गट किती लांब असेल हे भागाकार न करता सांगता येते का? येते. छेदात २ किंवा ५ हे अवयव नसतील तर ९, ९९, ९९९, ९९९९… या संख्यांपैकी छेदाने निःशेष भाग जाणारी पहिली संख्या शोधा. तिच्यात जितके ९, तितक्या अंकांचा गट. ९९ ला ११ ने भाग जातो, म्हणून १/११ = ०.०९०९…. ९९९ = २७ × ३७, म्हणून १/३७ = ०.०२७०२७… आणि १/२७ = ०.०३७०३७…, दोघे एकमेकांचे अंक वाटून घेतात. ९९९९ ला १०१ ने भाग जातो, ९९९९९ = ९ × ४१ × २७१, आणि ९९९९९९ मध्ये ७ आणि १३ दोन्ही अवयव सापडतात. म्हणूनच या दोघांचे गट सहा-सहा अंकांचे.

खंडित दशांशाचा नियम बहुतेकांना माहीत असतो: संक्षिप्त रूपातल्या छेदाचे मूळ अवयव फक्त २ आणि ५ असतील तरच दशांश खंडित. कारण असे की खंडित दशांश म्हणजे छेद १०, १००, १००० असलेला अपूर्णांक, आणि दहाच्या घातांत २ आणि ५ यांच्याशिवाय दुसरा मूळ अवयव नसतो. ७/४० मध्ये छेद २ × २ × २ × ५ आहे. वर-खाली २५ ने गुणले की १७५/१०००, म्हणजे ०.१७५. इथे चूक होते ती 'संक्षिप्त रूपातल्या' हे दोन शब्द विसरल्यामुळे. ३३/७५ मध्ये छेदात ३ दिसतो म्हणून मुले घाईने 'आवर्ती' लिहितात. पण ३३/७५ = ११/२५ = ०.४४. आधी अतिसंक्षिप्त करा, मगच छेद बघा.

छेदात २ किंवा ५ च्या सोबत इतरही मूळ अवयव असतील तर सुरुवातीला काही अंक आवर्तनाबाहेर राहतात. ७/२४ = ०.२९१६६६…. २४ मध्ये २ हा अवयव तीन वेळा आहे, म्हणून २९१ हे तीन अंक बाहेर, आणि उरलेल्या ३ मुळे पुढे एकाच अंकाचे आवर्तन. (२ आणि ५ दोन्ही असतील तर त्यांपैकी जो जास्त वेळा आला असेल, तेवढे अंक बाहेर.)

उलट दिशेचे काम सर्वांना येते, म्हणून एकच उदाहरण. क्ष = ०.५८३३३… असेल तर १०० क्ष = ५८.३३३… आणि १००० क्ष = ५८३.३३३…. वजाबाकी केली की शेपूट उडते: ९०० क्ष = ५२५, क्ष = ७/१२. प्रत्येक आवर्ती दशांशाला ही कृती लागू पडते, म्हणून आवर्ती दशांश असलेली प्रत्येक संख्या परिमेय असते. आता दोन्ही दिशा पूर्ण झाल्या: परिमेय असेल तर खंडित किंवा आवर्ती, आणि खंडित किंवा आवर्ती असेल तर परिमेय.

हीच कृती ०.९९९… वर केली की उत्तर १ येते, आणि इथे वर्गात नेहमी वाद होतो. 'एकच्या अगदी जवळ, पण एक नाही' असे म्हणणाऱ्याला मी एवढेच विचारतो: मग दोघांत फरक किती? तो ०.१ पेक्षा लहान आहे, ०.०१ पेक्षा लहान आहे, दहाच्या कितीही मोठ्या घाताने १ ला भागले तरी त्याहूनही लहान आहे. शून्य सोडून अशी कोणतीही संख्या संख्यारेषेवर नाही. ०.९९९… आणि १ ही एकाच बिंदूची दोन लेखने आहेत, जसे ०.५ आणि ०.४९९९…. शून्य वगळता प्रत्येक खंडित दशांशाला असे दुसरे लेखन असतेच.

आता √२. पडद्यावरचे १.४१४२१३५६२ हे √२ नाही, हे कॅल्क्युलेटरशिवायही दाखवता येते. या संख्येचा शेवटचा अंक २ आहे, म्हणून तिच्या वर्गाचा शेवटचा अंक ४ असणार, आणि तो दशांश चिन्हानंतर अठराव्या स्थानी पडणार. मग वर्ग नेमका २ कसा येईल? प्रत्यक्षात तो सुमारे १.९९९९९९९९८९ येतो. हा युक्तिवाद एका संख्येपुरता नाही. कोणताही खंडित दशांश घ्या, त्याचा शेवटचा शून्येतर अंक १ ते ९ मधला असेल, आणि त्या अंकांच्या वर्गांचे एकक अंक १, ४, ९, ६, ५, ६, ९, ४, १. यात शून्य कुठेच नाही. म्हणून पूर्णांक नसलेल्या खंडित दशांशाचा वर्ग कधीही पूर्णांक होत नाही. √२ खंडित असू शकत नाही, हे दोन ओळींत झाले.

पण √२ आवर्ती असेल तर? त्यासाठी पूर्ण सिद्धता लागते. समजा √२ = अ/ब, दोन्ही धन पूर्णांक. मग अ × अ = २ × ब × ब. आता दोन्ही बाजूंचे मूळ अवयव पाडले आहेत अशी कल्पना करा आणि त्यात २ किती वेळा येतो ते मोजा. अ मध्ये २ जितक्या वेळा असेल त्याच्या दुप्पट वेळा तो अ × अ मध्ये येतो, म्हणजे डावीकडे सम वेळा. ब × ब मध्येही सम वेळा, पण उजवीकडे आणखी एक २ जास्तीचा आहे, म्हणून उजवीकडे विषम वेळा. एकाच संख्येचे मूळ अवयव एकाच प्रकारे पडतात, त्यामुळे त्यात २ एकाच वेळी सम आणि विषम वेळा असणे अशक्य. म्हणून असे अ आणि ब नाहीतच.

पाठ्यपुस्तकांत बहुधा 'अ सम, म्हणून ब सम, म्हणून सामाईक अवयव २' अशी सिद्धता असते. ती बरोबरच आहे, पण मला अवयव मोजण्याची सिद्धता अधिक आवडते, कारण ती पुढे नेता येते. √३ साठी ३ मोजा, √१२ साठीही ३ च मोजा. २ च्या घनमुळासाठी डावीकडे २ ची संख्या ३ च्या पटीत आणि उजवीकडे ३ च्या पटीपेक्षा एक जास्त, पुन्हा विसंगती. आणि सिद्धतेची खरी परीक्षा अशी की जिथे ती चालायला नको तिथे ती थांबली पाहिजे. √४ साठी हीच मांडणी करा: अ × अ = ४ × ब × ब, दोन्ही बाजूंना २ सम वेळा, विसंगती नाही. थांबायचे तिथे बरोबर थांबली. या विचारातून सर्वसाधारण निष्कर्ष हाती येतो: धन पूर्णांकाचे वर्गमूळ एकतर पूर्णांक असते किंवा अपरिमेय असते, मधला पर्याय नाही.

विचाराची दिशा इथे लक्षात घ्या. √२ चे अंक पुन्हा येत नाहीत हे बघून आपण ती अपरिमेय ठरवली नाही. अनंत अंक कोण बघणार? आधी सिद्ध केले की ती अपरिमेय आहे, आणि त्यावरून कळले की तिचे अंक कितीही पुढे गेलो तरी आवर्ती होणार नाहीत. उत्तरपत्रिकेत 'दशांश रूप अखंड अनावर्ती दिसते म्हणून अपरिमेय' असे लिहिणे म्हणजे जे सिद्ध करायचे तेच गृहीत धरणे.

√२ च्या जवळ जाणारे अपूर्णांक मात्र किती सुंदर असतात ते बघा. शुल्बसूत्रांत, म्हणजे यज्ञवेदी रचण्याच्या प्राचीन भारतीय ग्रंथांत, चौरसाच्या कर्णासाठी १ + १/३ + १/१२ − १/४०८ अशी किंमत दिली आहे. एकत्र केली की ५७७/४०८, म्हणजे १.४१४२१५…, दशांशाच्या पाचव्या स्थानापर्यंत अचूक. आता वर्ग करून ताडा: ५७७ × ५७७ = ३३२९२९, आणि २ × ४०८ × ४०८ = ३३२९२८. फरक फक्त १. दोन पूर्णांकांत याहून लहान फरक असूच शकत नाही, आणि तो शून्य कधीच होणार नाही हे आपण आत्ताच सिद्ध केले. १७/१२ घ्या, २८९ आणि २८८, पुन्हा फरक १.

नियम असणे आणि आवर्तन असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांची गल्लत फार होते. ०.१०१००१०००१००००१… ही संख्या बघा: प्रत्येक १ नंतर शून्ये एकेकाने वाढतात. पुढचा अंक कोणता, हे कोणीही सांगू शकेल, तरी ती अपरिमेय आहे. कारण समजा ती कुठूनतरी पुढे, काही ठरावीक अंकांच्या गटाने आवर्ती झाली. शून्यांच्या रांगा वाढतच जातात, म्हणून पुढे कधीतरी त्या गटाच्या लांबीच्या दुपटीहून लांब रांग येईल. तो आवर्ती गट पूर्णच्या पूर्ण त्या रांगेत बसेल, म्हणजे गटात सगळी शून्येच असतील. मग त्यापुढे १ कधीच यायला नको, पण तो तर येतच राहतो. विसंगती. हाच युक्तिवाद ०.१२३४५६७८९१०१११२१३… ला लावा, ज्यात नैसर्गिक संख्या ओळीने लिहिल्या आहेत. त्यात १०, १००, १०००, १०००० येतच राहणार, म्हणून शून्यांच्या हव्या तितक्या लांब रांगा मिळणार, म्हणून तीही अपरिमेय. अशा ठिकाणी मात्र दशांश रूपावरून निर्णय देता येतो, कारण सगळे अंक कोणत्या नियमाने येतात हे आपल्याला पक्के माहीत असते.

पायबद्दलची शंका आता सोपी होते. २२/७ = ३.१४२८५७… आणि पाय = ३.१४१५९२…, दशांशाच्या तिसऱ्याच स्थानी दोघे वेगळे होतात. २२/७ पायपेक्षा थोडा मोठा आहे, हे आर्किमिडीजने दाखवले होते. आर्यभटाने इ. स. ४९९ मध्ये २०००० व्यासासाठी परिघ ६२८३२ दिला, म्हणजे ३.१४१६, आणि तो 'आसन्न' म्हणजे जवळपासचा आहे हे त्याच ठिकाणी स्पष्ट सांगितले. ३५५/११३ तर पायशी सहा दशांश स्थळांपर्यंत जुळतो: ३.१४१५९२९…. त्याचा आवर्ती गट ११२ अंकांचा आहे! तो कोणत्याही साध्या पडद्यावर आवर्ती दिसणार नाही, तरी तो परिमेयच. आणि या सगळ्या किमती पायच्या जवळच्या आहेत, पाय नव्हेत. पाय अपरिमेय असल्याची पहिली सिद्धता लॅम्बर्टने १७६१ मध्ये दिली. ती शाळेच्या गणितात बसत नाही, म्हणून तिथे हे विधान मानून घ्यावे लागते, आणि मानून घेतले आहे हे विद्यार्थ्याला सांगायला हवे.

याला जोडूनच विचारले जाते: पाय = परिघ/व्यास, मग हा अपूर्णांकच नाही का? नाही, कारण व्याख्येत वर आणि खाली दोन्ही पूर्णांक हवेत. व्यास पूर्णांक असेल तर परिघ पूर्णांक असूच शकत नाही, आणि परिघ पूर्णांक असेल तर व्यास नाही.

आणखी एक समज दूर करायला हवा, की अपरिमेय संख्या म्हणजे अंदाजे संख्या. १ एकक बाजूच्या चौरसाचा कर्ण √२ एकक आहे, नेमका तेवढाच. संख्यारेषेवर त्याचा बिंदू कंपासने काढता येतो, तो कुठे हलत नाही. अपुरे आहे ते आपले दशांशातले लेखन. म्हणून उदाहरण सोडवताना √२ शेवटपर्यंत √२ च ठेवा. मध्येच १.४१ घातले की √२ × √२ चे २ होण्याऐवजी १.९८८१ होते, आणि पुढची प्रत्येक पायरी ती चूक वाहून नेते.

खंडित असणे हा संख्येचा स्वतःचा गुणही नाही. तो आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून येतो. तीनच्या पटीत लिहायचे ठरवले तर १/३ हे ०.१ असे खंडित होईल. संगणक दोनच्या पटीत मोजतो, आणि तिथे १/१० खंडित होत नाही, कारण १० मध्ये ५ हा अवयव आहे. दोनच्या पद्धतीत १/१० = ०.०००११००११००११…, अखंड आवर्ती. संगणक हे कुठेतरी तोडून साठवतो, म्हणून अनेक प्रोग्रॅमिंग भाषांत ०.१ + ०.२ चे उत्तर ०.३०००००००००००००००४ असे दिसते. पण आवर्ती-अनावर्ती हा भेद कोणत्याही पद्धतीत टिकतो, कारण बाक्या मर्यादित असण्याचा युक्तिवाद दहावर अवलंबून नव्हताच. परिमेय संख्या सगळीकडे खंडित किंवा आवर्ती, अपरिमेय सगळीकडे अनावर्ती.

बेरीज-गुणाकाराबद्दल थोडक्यात. परिमेय आणि अपरिमेय यांची बेरीज नेहमी अपरिमेय असते. ती परिमेय असती तर वजाबाकी करून अपरिमेय संख्याच परिमेय ठरली असती. शून्येतर परिमेय आणि अपरिमेय यांच्या गुणाकाराचेही तसेच. दोन अपरिमेयांबद्दल मात्र सरसकट काही सांगता येत नाही: (२ + √३) + (२ − √३) = ४, √२ × √८ = ४, पण √२ + √३ अपरिमेय आहे. हे शेवटचे ताडून बघा: बेरीज परिमेय असती तर तिचा वर्ग ५ + २√६ हाही परिमेय असता, आणि मग √६ परिमेय ठरला असता.

आता एक असा प्रश्न, जिथे आजही अडायला होते. ई ही संख्या (२.७१८२८…) अपरिमेय आहे, हे ऑयलरने १७३७ मध्ये दाखवले. पायही अपरिमेय. मग पाय + ई? आणि पाय × ई? दोन्हींचे हवे तितके अंक काढता येतात, पायचे तर लाखो कोटी अंक काढून झाले आहेत, आणि त्यांतून या प्रश्नाचे उत्तर मिळत नाही. एवढे मात्र नक्की सांगता येते: क्ष × क्ष − (पाय + ई) × क्ष + (पाय × ई) = ० या वर्गसमीकरणाची मुळे पाय आणि ई आहेत. बेरीज आणि गुणाकार दोन्ही परिमेय असते, तर पाय हे परिमेय सहगुणकांच्या बहुपदी समीकरणाचे मूळ ठरले असते, आणि तसे कधीच असू शकत नाही हे लिंडेमानने १८८२ मध्ये सिद्ध केले आहे. म्हणजे पाय + ई आणि पाय × ई यांपैकी निदान एक तरी अपरिमेय आहे. कोणती, हे आजवर कोणालाही सिद्ध करता आलेले नाही.